अर्धं रेशन, दुप्पट ड्रिल

१९१६ साल, इंग्रज सरकारची मोठी लढाई चालू होती. आमची पलटण पुण्यात होती आणि समुद्रापार इराकात बसऱ्याला जायचा हुकूम निघाला होता. मी कर्जतकडचा, हुद्द्याने नाईक. माझ्या हाताखालचा शिपाई कोंडू खोपोलीजवळच्या गावचा, अंगाने चांगलाच जाड. सुभेदारसाहेब मला म्हणाले, "याचं पोट उतरव. नाहीतर नाव कापतो."

फौजेने परत पाठवलेला म्हणून गावात तोंड दाखवणार नाही, असं कोंडू म्हणे. मलाही आपल्याकडचा माणूस गाळलेला नको होता. जाड म्हणजे आळशी, एवढंच माझं वैद्यकशास्त्र! अर्धं रेशन आणि दुप्पट ड्रिल लावलं. पहाटे पाचला पाठीवर पॅक बांधून मैदानाला फेऱ्या, संध्याकाळी पुन्हा तेच.

पहिल्या पंधरवड्यात वजन उतरलं. मग काटा अडला तो अडलाच. मी फेऱ्या वाढवल्या. कोंडूला भर उन्हात थंडी वाजू लागली. ड्रिल संपलं की तो जिथल्या तिथे बसे, हाकेला सावकाश मान वळवी. मिळेल तेवढ्यात त्याचं शरीर कसंबसं भागवत होतं. मी त्याला नाटकी म्हणालो. आमचा स्टोअरचा कारकून दिवसभर खुर्ची सोडत नसे, दोघांचं जेवे आणि तरी काडीसारखा होता. तो रोज समोर दिसूनही माझी अक्कल शेण खायला गेली होती.

निघण्याआधी रूट मार्च झाला. घाटमाथ्यापर्यंत रेल्वेने, मग पायी घाट उतरून खोपोलीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी चढून परत. मुक्कामावर दुपारी कोंडूची आई आली. डोंगरातून आणलेली लाकडाची मोळी बाजारात विकून तशीच आली होती. तीही कोंडूइतकीच जाड. फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या होत्या.

"नाईकसायब, पोराला दोन घास खाऊ द्या. लय उतरलाय."

"हुकूम नाही, आई."

"आमच्या घरात समदी अशीच हायेत. मी काय बसून खाते व्हय?"

मी भाकऱ्या परत दिल्या. कोंडू तिच्याकडे बघत उभा राहिला.

सकाळी सहाला निघालो. साडेनवाला, अर्ध्या घाटात, कोंडू थांबला.

"नाईक, पाय उचलत नाय."

"चल. वर वजन करणार आहेत."

"आलो."

वीसेक पावलं चालला आणि पॅकसकट तोंडावर पडला. डॉक्टर येईपर्यंत संपला होता. रिपोर्टात 'ऊन लागून मृत्यू' असं लिहिलं. साक्षीदार म्हणून सही माझी.

लढाईत पडलेल्या आमच्या जवानांची नावं दगडावर कोरली आहेत. कोंडूचं नाही. तो शत्रूच्या हातून मेला नाही ना! त्याला मी मारलं, आणि त्याबद्दल मला कोणी साधं विचारलंही नाही.

बसऱ्याहून परतल्यावर त्याच्या आईला भेटायला गेलो. ती अंगणात लाकडं फोडत होती.

"जाड व्हता म्हून मेला, असं गावात बोलतात. खरं काय रं?"

"नाही. उपाशी होता."

तिने कोयता खाली ठेवला. "आन् मी भाकऱ्या आणल्या त्या दिवशी तू जेवला व्हतास?"

"हो," मी म्हणालो. "पोटभर."