खडूने आखलेले दुकान

काटेवाले तात्या दुरुस्तीला आलेल्या काट्यावर आधी वजन ठेवत नसत. तो रिकामाच टांगत आणि चहा संपेपर्यंत त्याच्याकडे बघत बसत. गिऱ्हाईक चुळबूळ करू लागले की म्हणत, "रिकामी दांडी सरळ ऱ्हाती का ते आदी बघावं. माल काय, कवाबी ठेवता येतो." दोन पारड्यांतला बारीक फरक, म्हणजे पासंग, त्यांना नुसत्या नजरेने कळे. कन्हेरीच्या आमच्या किराणा दुकानातली सगळी साखर त्यांच्या हाताखालून गेलेल्या काट्यावर तोलली गेली आहे. वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून, तो काटा मांडीवर घेऊन मी बारामतीला येत असे.

तात्यांचे दुकान भर बाजारातल्या जुन्या दुमजली मार्केटमध्ये होते. वरचा मजला पारव्यांना आंदण दिलेला. खाली तीसेक गाळे, त्यांतली पाच-सहा शटरे उघडत. एवढी मोक्याची जागा अशी पडून राहिलेली पाहून एका बिल्डर शेटांनी तिथे एकवीस मजली टॉवर उठवायचे ठरवले. गच्चीवर पोहण्याचा तलाव, खाली रस्त्यालगत गाळेवाल्यांना बदली दुकाने. मी तोवर आर्किटेक्ट झालो होतो, नकाशे करायचे काम माझ्याकडे आले. सगळ्या गाळेवाल्यांनी संमती दिली, तात्यांची सही तेवढी राहिली. ओळखीचा म्हणून शेटांनी मलाच पाठवले.

तात्यांची अट एकच होती. "काटा एकट्याला उचलत न्हाय, मग चढवायचा कसा? मला पायरी नको. रस्त्यावरनं सरळ आत." मी नकाशा पसरला. त्यांनी तो बाजूला सारला. कागदातले आपल्याला कळत नाही, खरे दुकान इथेच काढून दाखव, म्हणाले. मग मी समोरच्या मोकळ्या बोळात खडूने दहा बाय बाराचे अख्खे दुकान आखले. तात्या त्यात जाऊन बसले, दोन्ही हात पसरून पाहिले, काटा टांगायचा हूक वीतभर डावीकडे घ्यायला लावला. मी दाराच्या जागीही रेघ ओढली होती, ती त्यांनी तळव्याने पुसून टाकली. "हितं रेघ नको," म्हणाले, आणि सही केली. शेटांनी माझी पाठ थोपटली. मलाही मी मोठा हुशार वाटलो.

मार्केट पाडून झाल्यावर शेटांच्या मनात आले, की रस्त्याच्या बरोबरीचे दार गोदामासारखे दिसते. एवढे महागडे फ्लॅट घेणाऱ्यांना समोर काही भारदस्त दिसायला हवे. तळमजला नऊ पायऱ्या वर गेला. नकाशा मीच बदलला. तात्यांची अट मी एकदा बोलून दाखवली, तेव्हा शेटांनी नकाशातल्या मागच्या पार्किंगच्या उतारावर बोट ठेवले. दुसऱ्यांदा मी तोंड उघडले नाही. करारात पायऱ्यांचा शब्दही नव्हता. तात्या तोवर वरकुट्याला मुलाकडे राहायला गेले होते. तिथे जाऊन सांगायला तासाभराचा रस्ता होता. मी गेलो नाही. मी भ्यालो, दुसरे काही नाही.

ताबा घ्यायच्या दिवशी बाकीचे हार-पेढे घेऊन आले, तात्या टेम्पोत मोठा काटा घालून आले. खाली उभे राहून त्यांनी बोटाने पायऱ्या मोजल्या. "नऊ," एवढेच म्हणाले. काटा टेम्पोतच ठेवून गुडघ्यावर हात टेकत वर चढले. हूक पाहिला. तो सांगितला होता तिथेच, वीतभर डावीकडे होता. त्यांनी मान डोलावली, माझ्या हातून पेढा घेतला आणि त्याच टेम्पोने परत गेले. ते दुकान मुलाने भाड्याने दिले. आता तिथे मोबाईलची कव्हरे मिळतात. तात्यांनी चारचौघांत मला झाडले असते तर बरे झाले असते, असे मला पुष्कळ दिवस वाटत राहिले.

गेल्या महिन्यात इंदापूरला जाताना धीर करून वरकुट्याला वळलो. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये तात्या काम करत बसले होते. आजूबाजूला खेड्यापाड्यांतून आलेले काटे. खालच्या कोब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने रेघा मारलेल्या होत्या. मी सवयीने नजरेनेच मापे घेतली. दहा बाय बारा. वर लोखंडी पाइपाला हूक, वीतभर डावीकडे. तीन बाजू पूर्ण रंगवलेल्या, चौथ्या बाजूला रस्त्याकडे दाराएवढी जागा कोरी सोडलेली.

मी त्या कोऱ्या जागेपाशी थबकलो. तात्या रिकाम्या दांडीकडे बघत होते. दांडी स्थिरावेपर्यंत त्यांनी नजर हटवली नाही.

"ये की आत," मग म्हणाले. "माप तुजं बराबर व्हतं."

आत जायला मला कुठेच पाय उचलावा लागला नाही.