शिवायची नाही अशी पेटी

बहरीनला असताना राजधानी मनामातल्या एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो. त्यातल्या कोकणातल्या ड्रायव्हरने गावाहून लाकडी देव्हारा आणला होता. पहिल्याच आठवड्यात त्याने मला बजावलं, "तू जयभीमवाला. देव्हाऱ्याला शिवायचं नाही." समुद्र ओलांडला, पण याची जात काही बुडाली नाही!

सूकमधल्या, म्हणजे तिथल्या बाजारातल्या, एका म्हाताऱ्या ज्यू कापडवाल्याने एकदा मला त्यांच्या पवित्र पेटीची गोष्ट सांगितली. देवाच्या आज्ञांच्या पाट्या तिच्यात होत्या. गाडीवरून नेताना वाटेत बैल अडखळले, पेटी कलंडली. एकाने हात लावून सावरली, तर तो जागीच मेला.

"मग पेटीचं काय झालं?"

"जेरुसलेमचं मंदिर पाडलं, तेव्हापासून कुणाला सापडली नाही."

मनात म्हटलं, सावरणाऱ्यालाच मारलं तर पेटी टिकणार कशी?

पुढे कंपनीने खोली बदलली. सामान उतरवताना जिन्यात देव्हारा ड्रायव्हरच्या हातून निसटू लागला. "भाऊ, धर, धर!" तो ओरडला. मी बाजूलाच होतो. दोन्ही हात खिशात घातले.

"मी शिवलो तर बाटेल की रे!"

देव्हारा आपटला, देव पायऱ्यांवरून गडगडत गेले. तो रडत एकेक वेचत होता. त्याची माफी मी मागितली नाही, मागणारही नाही. त्याने कधी माझी मागितली होती?