पठाण सरांनी पुन्हा उभी केलेली यादी

चार दिस झाले, मला झोप न्हाई. माझ्या परीच्या काळजाला भोक हाय. चार वर्षाची लेक. हे पुस्तक सत्काराला तुमच्या हातात पडंल, त्याच्या चौथ्या दिवशी तिचं आपरेशन हाय. तरीबी पठाण सरांच्या साठीच्या पुस्तकात लिहायला मी न्हाई म्हणले न्हाई. पाचवी शिकलेली बाई लिहिती, ती सरांमुळंच.

मी आपल्या हापिसात झाडलोट करते. पहिल्या दिवशी झाडत झाडत सरांच्या टेबलापाशी आले. झाडताना पाय वर घेणारे लई बघितले. सर फाईल घेऊन उठले अन बाजूला उभे ऱ्हायले. म्हणले, "निवांत झाड बेटा." तवापासून त्यांना मी सर म्हणते.

तवा कंप्युटरात इकतचे प्रोग्राम होते. मुदत संपली की पडद्यावर पाटी यायची अन काम बंद. बीडहून माणूस येईस्तोवर निराधार पगारासाठी आलेल्या म्हाताऱ्या बाया रांगेतच बसायच्या. सर म्हणायचे, "हापिस लोकांचं, अन किल्ली दुसऱ्याच्या खिशात कावून?" त्यांनी वरपर्यंत लिहून मंजुरी आणली अन सगळ्या मशिनीत मोकळे प्रोग्राम बसवायचं ठरलं. त्याला परवाना लागत न्हाई, आत काय हाय ते कुणीबी उघडून बघावं, दुरुस्त करावं. एक कारकून हसले, "फुकटाचं हाय, उद्या बंद पडंल." सर म्हणले, "आईचं दूधबी फुकटच पेलास ना बे?" सगळं हापिस हसलं.

माझा धाकटा भाऊ दत्ता तिथंच कंप्युटरवर होता. सरांनी त्याला बजावलं होतं, आधी जुनं सगळं उतरवून घे, मग मशीन पूस. दत्तानं घाई केली. एका मशिनीची कापी घ्यायची ऱ्हायली अन निराधार बायांची सगळी यादी गेली. मोठे साहेब वराडले, "कुणी केलं हे?" सर उठले. "देखरेख माझी होती साहेब. चूक माझी." नोटीस त्यांनी घेतली. दत्ता शरमेनं डबा तसाच ठिवून गेला, तो थेट पुण्याला, अजून परत न्हाई.

लोक म्हणले, फुकटाच्या प्रोग्रामनं यादी खाल्ली. सर म्हणले, "प्रोग्रामनं न्हाई, घाईनं खाल्ली." मग मला म्हणले, "यादीचे छापलेले कागद रद्दीत घातलेस का?" घातले नव्हते. सरांनीच सांगितलं होतं, वर्षभर एक कागद हलवू नको. मी गठ्ठे काढले.

"तू वाच, मी टाइप करतो."

"मला कुठं येतंय सर?"

"पाचवी झालीस ना? नुसती नावं तर हायत."

रोज जेवण झालं की बसायचो. मी अडखळायचे, सर थांबायचे. एका आजीचं नाव तीनदा आलं, तर म्हणले, "आजी तीन हायत का एकच लई फिरती?" अन लगेच गावात फोन लावून इचारलं. दीड महिन्यात यादी पुरी झाली. एकबी बाई सुटली न्हाई. मला वाचता-लिहिता आलं ते वर. आज आपल्या हापिसातली एकबी मशीन परवान्यापायी अडत न्हाई, अन बाकीच्या हापिसातले लोक बघायला येतेत.

रिटायर झाले तवा सरांनी टेबलाच्या काचेखालून एकच चिठ्ठी घरी नेली. दत्ताच्या नंबराची.

परीच्या तपासणीला सर सोबत आलते. फॉर्म त्यांनीच भरला. म्हणले, "डाक्टर हे रोज करतेत बेटा. पोरगी पळत घरी येती बघ." त्यांचं बोलणं आजवर खोटं निघालं न्हाई, म्हणून मला भरोसा हाय. पण आईचा जीव, भ्या वाटतंच. परीचं जावळ दत्ताच्या मांडीवर निघालं होतं. तो फोटू बघून ती म्हणती, "मला मामानंच उचलून आत न्यायचं."

सरांनी शंभरी बघावी, गुडघा न दुखता. परीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभं ऱ्हावं.

अन एक काम हाय. माझा नंबर बघितला, सरांचा बघितला, की दत्ता फोन उचलत न्हाई. तुमचा उचलील. चिठ्ठी सरांच्या खिशात हाय, मागून घ्या. त्याला म्हणावं, यादी कवाच पुरी झाली, सर रागावलेले न्हाईत, परी वाट बघती. वाचलं की लगेच लावा हो फोन.