इंद्रजीतभाऊंची क्रेन

आमच्या गल्लीत इंद्रजीतला सगळे भाऊ म्हणायचे. मी कधी म्हटलं नाही. नातेपुत्याहून सोलापुरात आला तेव्हा तो बोअर मारणाऱ्यांची दलाली करायचा, नंतर जुन्या गाड्यांची. दोन्हीकडून लोकांनी हाकलला. शेवटी सासऱ्याच्या पैशानं एक जुनी क्रेन घेतली आणि गल्लीच्या तोंडाशी लावली. काचेवर स्वतःचा गॉगलवाला फोटो. काम काही रोज मिळायचं नाही, त्यामुळे हा दिवसभर क्रेनच्या सावलीत खुर्ची टाकून मावा चघळत बसलेला.

मग गल्लीत ट्रक यायला लागले.

आमची गल्ली म्हणजे दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीनं मागं जायचं. पुढं रेल्वेचा बुटका पूल. तरी हैदराबादकडून येणारे मोठाले ट्रक मोबाइलच्या मॅपमधल्या बाईचं ऐकून आत घुसायचे आणि पुलाशी अडकायचे. एका ट्रकनं वैजयंतीकाकूंचा ओटा फोडला. काकू कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकतात. त्यांचं दुकान म्हणजे तो ओटाच.

दर वेळी इंद्रजीत धावत यायचा. "काय काळजी करू नका, मी हाय की!" म्हणत ट्रक ओढून काढायचा आणि ड्रायव्हरचा खिसा रिकामा करायचा. वर ड्रायव्हरच त्याच्या पाया पडायचे. गल्लीनं तर कहर केला. गणपतीत स्टेजवर बोलावून त्याला शाल-नारळ दिला. "ही माझी सेवा हाय," असं माइकवर म्हणून त्यानं डोळे पुसले. लोक टाळ्या वाजवत होते. काकूसुद्धा.

दिवाळीनंतर कल्लप्पाचा ट्रक अडकला. माणूस अक्कलकोटकडचा, गाडी कर्नाटक पासिंगची. केबिनमध्ये बसून तो बायकोशी फोनवर कानडीत बोलत होता. इंद्रजीतनं तेवढंच ऐकलं आणि ठरवून टाकलं की ह्याला मराठी कळत नाही. ट्रकच्या दाराला टेकूनच त्यानं दोस्ताला फोन लावला.

"अजून एक सापडला बघ. अरं, रस्ता मोठा हाय, पूल उंच हाय म्हणून आपण सगळ्या दोस्तांनी मॅपवर टाकलं व्हतं की न्हाय? त्याचंच फळ हाय हे. लई भारी चाललंय!"

कल्लप्पानं फोन ठेवला, खाली उतरला आणि सरळ काकूंकडे गेला.

"अक्का, ह्या माणसाला तुमी वळकता का?"

"व्हय. का ओ?"

ऐकलेलं सगळं त्यानं जसंच्या तसं सांगितलं. मराठीत, साऱ्या गल्लीसमोर. इंद्रजीतला लाज वाटली असेल असं कुणाला वाटत असेल तर ते विसरा. छाती काढून म्हणाला, "मी गल्लीच्या विकासासाठी केलं. मॅपवर रस्ता मोठा दिसला की जागेचे भाव वाढत्यात."

आणि दोघा-तिघांनी चक्क माना डोलावल्या.

काकू मात्र भडकल्या. "माझा ओटा फुटला तवा माझ्याच म्होरं उभा राहून हळहळलास की रं तू! आण ती शाल. आत्ताच्या आत्ता!"

त्याची बायको पिंकी समोरच्या दारात उभी होती. ती आत गेली, शाल आणून काकूंच्या हातात दिली आणि नवऱ्याकडे न बघता परत फिरली.

कल्लप्पानं क्रेन ट्रकजवळ येऊ दिली नाही. आम्ही मोटारसायकली उचलून बाजूला केल्या, दोघांनी बांबूनं केबलच्या वायरी वर धरल्या, काकू मागं उभ्या राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडत राहिल्या. संध्याकाळ झाली तेव्हा कुठं ट्रक मोठ्या रस्त्याला लागला. पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी मॅपवर रस्ता चुकीचा असल्याचं कळवलं, आणि ट्रक यायचे बंद झाले.

पोलिसांत कुणी गेलं नाही. आपलाच माणूस आहे, म्हणे! इंद्रजीतनं क्रेन विकली आणि आता तो शहराबाहेर प्लॉट विकतो. मोबाइलवर दाखवतो तेव्हा तिथं बाग असते, शाळा असते, देऊळसुद्धा असतं. प्रत्यक्षात बाभळी आहेत. मी जाऊन पाहून आलोय.

परवा तो गाडी घेऊन गल्लीत आला. "चला, जागा दाखवतो," म्हणाला. आमच्यातलेच चौघं इस्त्रीचे कपडे घालून गाडीत बसले. मी त्यांना अडवलं नाही.