आरसे हलतात का?

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी गुरुत्वीय तरंगांवर प्रकल्प घेतला तेव्हा वर्गात हशा पिकला. बाकीच्यांनी प्रयोगशाळेतले, हाताला लागणारे विषय घेतले होते आणि मी कुठल्या तरी दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीत डोकं घातलं होतं. अशा टकरीतून निघालेला तरंग जाताना अंतरं किंचित ताणतो, आणि तो पकडणाऱ्या यंत्राला दोन लांब हात असतात, ज्यांच्या टोकांच्या आरशांवर आपटून प्रकाश परत येतो. ते हसणं मला झोंबलं, म्हणून मी विषय आणखीच घट्ट धरून बसले. जयसिंगपूरहून कोल्हापूरला एसटीने येताना मांडीवर कागद ठेवून समीकरणं सोडवायची. खड्डा आला की पेन भलतीकडेच जायचं.

घरी दादाने माझ्या बी.एड.चं ठरवून टाकलं होतं. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत वरची श्रेणी मिळाली तरच पुण्याला संशोधनाच्या मुलाखतीला जाता येणार होतं, नाहीतर गपगुमान बी.एड. "तुझं त्ये आभाळातलं भाकरी देणार हाय का?" असं दादा विचारायचा, आणि विहारात भेटणाऱ्या बायकाही त्याचीच री ओढायच्या. मला पुण्याला जायचंच होतं. त्याआधी घरात मी हट्टाने असं काही मागितलं नव्हतं.

आमच्या विभागात तोंडी परीक्षेची एक रीत होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांना पोटभर जेवायला घालायचं आणि मग ते जे म्हणतील त्याला मुलांनी 'येस सर' म्हणायचं. आमचे मार्गदर्शक सर प्रत्येकाला दारातच बजावायचे, "वाद घालायचा न्हाय. काय बी म्हणू देत, येस सर म्हणायचं आन् बाहेर यायचं."

मी आत गेले. परीक्षक शांत होते. अशा माणसांची मला भीतीच वाटते. माणूस ओरडला की निदान आपण कुठे उभे आहोत ते तरी कळतं. सर त्यांच्या शेजारी खुर्चीच्या टोकावर बसले होते.

"तरंग गेला तरी तुमच्या गणितात आरशांचे निर्देशांक बदलत नाहीत. बरोबर?" परीक्षकांनी विचारलं.

ते बरोबरच होतं. "येस सर."

"म्हणजे आरसे हलतच नाहीत."

"येस सर."

"आणि अंतर ताणलं, तर त्यातली प्रकाशाची लाटही ताणली जाणार. मोजपट्टीच ताणली. मग यंत्राला काहीच दिसणार नाही."

"येस सर," मी म्हणाले. वर्षभर केलेला प्रकल्प मी स्वतःच्या तोंडाने खोटा ठरवला होता.

परीक्षकांनी फाईल मिटली. "मग हे सगळं कशासाठी केलं?"

मी सरांकडे पाहिलं. ते डोळ्यांनीच गप्प राहा म्हणत होते. मला त्यांचा संताप आला, माझा स्वतःचा त्याहून जास्त. बी.एड.चा वर्ग डोळ्यांसमोर दिसायला लागला.

"न्हाय सर!" मी परीक्षकांना म्हणाले, आणि आवाज इतका मोठा निघाला की दाराबाहेरची कुजबुज थांबली. "दिसतं की! निर्देशांक म्हंजे नुसतं नंबर. राजारामपुरीत गल्ल्यांचं नंबर हायत तेच राहिले तरी दोन गल्ल्यांमधली जागा वाढू शकती."

"आणि लाट?"

"जयसिंगपूर-कोल्हापूर रस्ता ताणला असं समजा. रस्त्यावरच्या गाड्यांमधलं अंतर बी ताणंल. पण स्टँडवरनं नव्या गाड्या घड्याळाप्रमाणंच सुटणार. त्यांना जास्ती रस्ता कापायचाय, त्या उशिरा पोचणार. यंत्र लाटंची लांबी मोजतच न्हाय. त्याच्या एका हातातला प्रकाश दुसऱ्या हातातल्याच्या मानानं किती मागं-पुढं पोचला, तेवढंच बघतंय."

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला पाठवा म्हणाले.

मी बाहेर बाकावर येऊन बसले. दादाला काय सांगायचं याची वाक्यं मी जुळवत होते. सगळ्यांचं आटोपल्यावर सर बाहेर आले आणि थेट माझ्याकडेच आले.

"तू न्हाय म्हणालीस तवा तुझा लई राग आलता मला," ते म्हणाले. "वरची श्रेणी दिलीय त्यांनी. जा पुण्याला."

मला रडूच फुटलं. सर जातील असं वाटलं होतं, पण ते तिथेच घुटमळत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाट बी ताणली तर यंत्राला दिसणार कसं, त्याचं उत्तर मला बी ठावं नव्हतं. इतकी वर्षं शिकवतोय. कुणी इचारू नये, एवढंच बघत आलो."

सर बाकावर माझ्या शेजारी बसले, खिशातून पेन काढलं आणि माझीच फाईल मांडीवर उघडली.

"पुन्यांदा सांग," ते म्हणाले. "रस्ता ताणला. मग?"