राजाचा सरकारी वाढदिवस आणि आबांची एक जून

बेटाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या जूनमध्ये तुम्ही सगळे डबे घेऊन याल आणि ते बेट तुमच्या वजनाने बुडेल. एवढंच सांगते, की अबू धाबीच्या पश्चिम किनाऱ्यासमोर ते तव्यावर टाकलेल्या धिरड्यासारखं पसरलंय, आणि भरती आली की तिथल्या माणसांना एका पायावर उभं राहावं लागतं. इंग्लंडच्या राजाचा वाढदिवस आम्ही तिथे साजरा केला. राजा आला नव्हता. आबा आले होते.

आबा म्हणजे माझे वडील. सातारा डेपोचे रिटायर्ड एसटी कंडक्टर. हयातीत एकही खोटं तिकीट फाडलं नाही, आणि ही गोष्ट ते इमिग्रेशनच्या काउंटरवरसुद्धा सांगून आले. यंदा त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली, निदान पासपोर्टच्या मते. पासपोर्टवर एक जून आहे. आता एक जून म्हटल्यावर तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे त्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र एक जूनलाच जन्मलाय. शाळेत नाव घालायला आलेल्या पोरांच्या रांगेकडे बघून मास्तरांनी सगळ्यांना एकच तारीख लावून टाकली. आबांच्या खऱ्या जन्माची एकच नोंद आजीच्या तोंडी होती: शेजारच्या कमळाबाईंची म्हैस व्याली, त्याच पहाटे. म्हशीची तारीखही कुणी लिहून ठेवली नाही.

मी मात्र अमृतमहोत्सव करायचाच म्हणून हट्टाला पेटले होते. एक जूनला इथे आखातातल्या आमच्या इंटरनॅशनल सिटी वस्तीतल्या फ्लॅटमध्ये फुगे, तोरणं, शेजारच्या डॉम्निकने केलेला केक, सगळं मांडलं. आबांनी केककडे बघितलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "खोट्या तारखेला मी सुरी लावणार नाही."

माझी लेक म्हणाली, "आबा, डोन्ट बी सो मीन!"

"मीन नाही गं, मेष रास आहे माझी. बहुतेक," आबा म्हणाले आणि आत जाऊन झोपले.

केक गेला फ्रीजरमध्ये. आबांचा व्हिसा संपत आला होता. माझा बाप पंचाहत्तरीचा केक न कापता परत जाणार, हे माझ्या छातीवर उंटासारखं बसलं होतं. तोही एका कुबडाचा नाही, दोन कुबडांचा.

त्यातच डॉम्निकला ती ऑर्डर आली. डॉम्निक वसईचा, एका हॉटेलात केक करतो. बेटावर काही म्हातारे इंग्रज राहतात. कधीकाळी पाण्याच्या प्रकल्पावर इंजिनीअर म्हणून आले आणि परत जायचं विसरले. त्यांच्यासोबत मल्याळी, फिलिपिनो, पठाण अशी सगळी मिळून एक चाळभर वस्ती. दरवर्षी जूनमधल्या एका शनिवारी ते राजाचा वाढदिवस करतात. यंदा केक डॉम्निकचा, गाडी माझी, आणि आबांना घरी एकटं ठेवलं तर ते बसस्टॉपवर जाऊन लोकांना रांग लावायला शिकवतात, म्हणून तेही बरोबर.

केक म्हणजे एक आख्खा किल्ला होता. बुरुज, दरवाजा, वर साखरेचा पहारेकरी, त्याच्या डोक्यावर अस्वलाएवढी काळी टोपी. बाहेरचा उन्हाळा असा, की सिग्नलला थांबलेल्या गाड्यांमधून भाकरी भाजल्याचा वास येत होता. त्यामुळे डॉम्निकने एसी सोळावर लावला आणि बटणावर हात ठेवूनच बसला. अर्ध्या तासात आमचे ओठ निळे पडले. आबांनी पिशवीतून माकडटोपी काढली. मी शाल घेतली. डॉम्निक केकला मांडीवर घेऊन दुलईत बसलेला. पेट्रोल पंपावरच्या पोराने काच खाली करायला लावली, आतली थंड वाफ त्याच्या तोंडावर आली, आणि तो दोन पावलं मागे सरून म्हणाला, "हबीबी, आर यू ओके?"

"काच लाव, वैशाली, काच!" डॉम्निक किंचाळला. "पहारेकऱ्याला घाम आला!"

आबांनी डॅशबोर्डवर टकटक करून डबल बेल दिली. गाडी सुटली.

धक्क्यावर खानचाचांची बोट उभी होती. खानचाचा पेशावरकडचे, दाढी मेंदीने रंगवलेली, वय आबांच्याच आसपास. आबांनी चढायच्या आधी विचारलं, "टिकट?" खानचाचा म्हणाले, "बादशाह का मेहमान है, टिकट खलास." फुकट प्रवास आबांना पटेना. शेवटी त्यांनी खानचाचांना दोन चिक्क्या दिल्या आणि मगच बूड टेकलं.

समुद्र इतका हिरवा, की मला वाटलं कुणीतरी आत पुदिना वाटलाय. मध्यावर आलो आणि बोटीशेजारी एक करडी, गुबगुबीत पाठ वर आली. नाकपुड्या फुर्रकन फुलल्या. पुन्हा बुडाली. माझ्या अंदाजाने ती बोटीच्या दुप्पट होती. डॉम्निक म्हणतो निम्मी होती, पण त्याचं लक्ष केककडे होतं.

"समंदर की गाय," खानचाचा म्हणाले. (हिला डुगाँग म्हणतात. समुद्राच्या तळाचं गवत खाऊन जगते.)

"गाय कुठली?" आबा उभेच राहिले. "रंग बघा, नाक बघा. म्हैस आहे ती!" आणि किनारा येईपर्यंत ते पाण्याकडे असं बघत होते, जणू माहेरचं माणूस भेटलं.

बेटावर उतरलो. क्लबहाउस म्हणजे पत्र्याचं छप्पर, भोवती गाफची (वाळवंटातलं काटेरी, सोशिक झाड) सावली. पताका होत्या. बँडही होता: एक ट्रम्पेट आणि एक कराओके मशीन. क्लबचे सेक्रेटरी नायजेलसाहेब कोट, टाय आणि अर्धी चड्डी अशा दरबारी पोशाखात आले. टेबलावर काकडीची सँडविचेस होती, पण उन्हाने त्यांच्या कडा अशा वळल्या होत्या की आबांनी पापड म्हणून उचलली. लुकेमात (खजुराच्या पाकातले, बोंडांसारखे तळलेले गोळे) मात्र असे, की मी मोजणं सोडून दिलं.

डॉम्निकने खोक्याचं झाकण उघडलं आणि छातीवर क्रूस केला. किल्ला शाबूत होता. फक्त पहारेकरी ड्यूटीवर पेंगत असल्यासारखा बुरुजाला रेलला होता.

"व्हेरी ट्रू टु लाइफ," नायजेलसाहेब खूश झाले. डॉम्निक तिथेच वाळूत बसला आणि चार ग्लास लिंबूपाणी प्यायला.

मग राष्ट्रगीत झालं. ट्रम्पेट एका सुरात, कराओके दुसऱ्या. आणि नायजेलसाहेबांनी माइक घेतला. तिथली रीत अशी, की राजा काही येत नाही, म्हणून त्याच्या वतीने जूनमध्ये जन्मलेल्या माणसाने केक कापायचा. इतकी वर्षं कापणारे गृहस्थ या वसंतात मायदेशी गेले होते.

"जूनवाला कोण आहे?" साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

कुणीच नाही. पहारेकरी आणखी वाकला. डॉम्निक हवालदिल झाला. माझा हात आपोआप वर गेला. "माय फादर! फर्स्ट जून!"

आबांनी माझं कोपर धरलं. "वैशे, हात खाली. आपलं लग्नातल्या आहेरासारखं झालंय, नाव एकाचं, पाकीट दुसऱ्याचं. खोटी तारीख आहे ती."

मी साहेबांना सांगितलं, माझे वडील नाही म्हणतात, कारण ती त्यांची खरी तारीख नाही, फक्त ऑफिशियल आहे.

"ऑफिशियल?" साहेबांच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या. "पण राजाचीही ऑफिशियलच आहे! खरा वाढदिवस नोव्हेंबरात."

मी आबांना मराठीत सांगितलं. आबांनी अजून डोक्यावरच असलेली माकडटोपी उतरवली. गंभीर प्रसंग आहे हे मी ओळखलं.

"नोव्हेंबरचं जूनमध्ये कुणी आणलं? मास्तर कोण?"

साहेब म्हणाले, राजाच्या खापरपणजोबांनी. त्यांचाही वाढदिवस नोव्हेंबरचा. तिकडे तेव्हा थंडी, पाऊस. परेडसाठी बरी हवा हवी म्हणून जून.

"घरातलाच मास्तर," आबा म्हणाले. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. ऊन असं, की ट्रम्पेटवाल्याचे ओठ ट्रम्पेटला चिकटले होते. "बऱ्या हवेसाठी?"

"सर, तिकडच्या," साहेब म्हणाले.

"आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे? खोटी तारीख आहे म्हणून?"

"सगळ्या जगाला."

आबांनी टोपीची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "सगळ्यांना सांगून केलेलं खोटं कसं, वैशे? मी कुणाला सांगितलंच नाही, तिथे चुकलं."

आणि माझ्या बापाने साहेबांच्या हातून माइक घेतला. साताऱ्याच्या स्टँडवर फलटण गाडीची घोषणा करावी, त्या आवाजात बोलले: "सुनो! मेरा असली जन्मदिन मेरे को मालूम नहीं! एक जून मास्तर ने लिखा! असली दिन सिर्फ भैंस को मालूम था, और वो मर गई!"

मग मागून खानचाचा उठले. "मेरा भी सरकारी है, यारा! पहली जनवरी! मेरे चारों भाई का भी पहली जनवरी!"

"मेरा मई!" मल्याळी इलेक्ट्रिशियन ओरडला. "स्कूल के लिए फादर ने दो महीना बढ़ाया!"

मग जे सुरू झालं ते मी वाढवून सांगतेय असं तुम्हाला वाटेल, आणि थोडं वाढवतेयच, पण जो तो उठून आपली खोटी तारीख सांगत होता, टाळ्या पडत होत्या, आणि शेवटी नायजेलसाहेबांनी कबूल केलं, की ते बायकोला वय तीन वर्षांनी कमी सांगतात. बायको शेजारीच उभी होती. "आय नो, डियर," ती म्हणाली.

"राजाचा कापतो," आबा मला म्हणाले. "राजाचा. माझा नाही." कुणीतरी कागदी मुकुट त्यांच्या डोक्यावर ठेवला. सुरीने ताटलीवर टणटण डबल बेल झाली आणि किल्ला पडला. पहारेकऱ्याची टोपी साहेबांनी खाल्ली. पुढच्या वर्षीची ऑर्डर डॉम्निकला तिथेच मिळाली.

परतताना आबा बोटीच्या कडेला बसून पाणी निरखत होते. म्हैस दिसली नाही. डॉम्निक माझ्या खांद्यावर घोरत होता. मी मनात म्हटलं, बाईगं, एवढा समुद्र ओलांडून तू बापाकडून केक कापून घेतलास, पण राजाचा! इतक्या लांब येऊन मला एवढंच कळलं, की माणूस जन्मल्याचा आनंद करायला तारीख लागत नाही, चार माणसं पुरतात. पण हे आबांना सांगायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला. आबा आले ते कागदी मुकुटासह. फ्रीजपाशी थांबले.

"वैशे, तो केक आहे का अजून?"

"आहे की. पण एक जून होऊन पंधरा दिवस झाले, आबा."

"राजाला पाच महिने चालतात," आबा खुर्ची ओढत म्हणाले, "मला पंधरा दिवस चालत नाहीत? काढ बाहेर. आणि पोरीला उठव. गाडी सुटायच्या आत सगळे बसले पाहिजेत."

मग त्यांनी सुरी उचलली आणि कपावर दोनदा वाजवली.