गलबताला लागणारा कापूस

लाकूड दिसलं की तो बोटाच्या पेरांनी ठोकायचा नि कान लावायचा. तुम्ही पाहिला असता तर हसला असता. गोडादऱ्याच्या आमच्या घरी पहिल्यांदा आला, तर उघडं दारच ठोकत उभा.

"अहो भाऊ, या की आत!"

"थांबा वहिनी, सागवान शे हे."

माणूस आमच्याच खानदेशातला, आमच्यासारखाच इकडे पोटासाठी आलेला, कापडाच्या लूमवर मेकॅनिक. त्याला वेड कशाचं, तर समुद्राकडे, हजीऱ्याच्या वाटेवर तापीकाठी चिखलात पडलेल्या जुन्या शिडाच्या गलबताचं! "तापी आपल्याकडूनच येते ना, वहिनी? मग गलबत परकं कसं?" हे त्याचं ठरलेलं.

इंजिनाच्या होड्या आल्या नि शिडाला माल मिळेना. गलबताचा मालक, म्हातारा तांडेल म्हणाला, येत्या उधाणाला तरंगलं तर ठेवतो, नाही तर फोडून लाकूड विकतो. फळ्यांच्या फटी धाग्याने भरायच्या होत्या. याने कारखान्यातला वाया गेलेला नायलॉनचा धागा पोतंभर नेला. "नायलॉनची साडी कधी फाटते का, वहिनी?"

पुढच्याच भरतीला गलबतात गुडघाभर पाणी. तांडेल हसून हसून खाली बसला. नायलॉन फुगतो होय? कापूस पाणी प्यायला की फुगतो नि फट घट्ट धरतो.

तो आला, त्या दिवशी दार ठोकलं नाही. "वहिनी, जुनी गादी असेल का एखादी?"

"कापसाच्या मुलखातले ना हो तुम्ही?" मी म्हटलं.

मग काय, गल्लीभर गाद्या उसवल्या. आमचे हे सतरंजीवर आडवे होत म्हणाले, "माझ्या गादीवर आता गलबत झोपणार!"

उधाणाला ते तरंगलं. आम्ही बायका टेम्पो करून बघायला गेलो होतो. तो आतून फळीला कान लावून बसलेला, हाक मारली तरी ओ देईना.

पुढे दर वर्षी फटी भरायच्या आल्या की तो दारोदार कापूस मागायचा. गलबत राहिलं. तो मात्र एका दिवाळीनंतर ताप येऊन गेला.

गेलेल्या माणसाचं अंथरूण आमच्यात नदीवर टाकतात. त्याच्या बायकोने गादी उचलली. "ताई, चला."

गेलो नदीवरच, पण तांडेलाकडे. गादी कुणाची, ते तिने सांगितलं. मला वाटलं, हा घेतो की नाही कोण जाणे. त्याने शिवण उसवली, कापूस चिमटीत धरून पाहिला. "सूखी है," म्हणाला आणि कापूस भिजवायच्या तेलाचा डबा जवळ ओढला.

मग कापूस लांबवून त्याचं वातीसारखं एक टोक त्याने तिच्या हातात दिलं. "पकडो, बेन."

ती चिखलातच बसली आणि पीळ द्यायला लागली.